उघडी नळी

मामा-मामींच्या खोलीत एक पलंग होता, एक कपाट होतं, देवाचा कोनाडा होता आणि एक नळी होती. मनगटाएवढी जाड, लोखंडी, या भिंतीतून आत आलेली आणि पलंगाच्या उशाजवळून सरळ धावत समोरच्या भिंतीतून बाहेर पडलेली. तिच्यातून लाँड्रीची वाफ जायची. खोलीच्या एका अंगाला बॉयलर, दुसऱ्या अंगाला इस्त्रीचा विभाग, आणि मधे सापडलेला हा दहा बाय बाराचा संसार. थोरल्या मालकांनी तेवीस वर्षांपूर्वी ती खोली मामांना दिली, कारण बॉयलर पहाटे पेटवावा लागतो आणि पेटवणारा माणूस हाकेच्या अंतरावर हवा. नळी तेव्हाही होतीच. मामी उंबरा ओलांडून आत आल्या, तिला बोट लावून चटकन मागे घेतलं आणि म्हणाल्या, "ही काही आपल्याकडे राहायला आलेली नाही. आपणच हिच्याकडे आलोय. जपून राहायला हवं."

उन्हाळ्यात ती नळी सवतीसारखी छळायची. मामी अंथरूण उचलून दारात नेत आणि तिला मनसोक्त बोल लावत. थंडी पडली की मात्र तिच्यासारखी माउली नाही. ओले कपडे तिच्यावर तासाभरात वाळत, दुधाचं भांडं तिच्याखाली कोमट राही, आणि बाहेर दात वाजत असताना मामी पातळ सुती साडीत बसून जपमाळ ओढत.

बॉयलर सांभाळणाऱ्या या माणसाला लाँड्रीत सगळेच मामा म्हणत. त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी असलेली घडीखात्यातली आक्काही मामाच म्हणे. माणूस अबोल, पण वाफेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. काठीच्या टोकाला एक फडकं बांधलेलं असे, ते नळ्यांवरून फिरवत ते चालत. फडकं फडफडलं की तिथं गळती. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट शिकवत. "पांढरी दिसते ती वाफ निवलेली असते. जिथून खरी सुटते तिथं काही म्हणजे काही दिसत नाही. न दिसणाऱ्या जागी हात घालू नकोस, हाडापर्यंत जाईल."

मामीही पूर्वी त्याच लाँड्रीत होत्या. चौदा वर्षं त्यांनी घडीखात्यात चादरी झटकल्या. इस्पितळाच्या चादरी, खाणावळींचे टेबलावरचे कपडे, नुसतं झटकायचं आणि घडी घालायची. झटकलेल्या कापडातून तूस उडतं. उन्हाच्या तिरिपेत ते सोन्यासारखं दिसतं आणि छातीत जाऊन बसतं. मामींच्या छातीत ते चौदा वर्षं बसत गेलं. शेवटी जिना चढताना बसायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी काम सोडायला लावलं. म्हणाले, "गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. थंड, ओलसर हवा हिला विष. ऊब हे निम्मं औषध समजा."

घरी आल्यावर मामांनी नळीवर थाप मारली होती. "निम्मं औषध तर आपल्याकडे फुकट आहे."

मामी हसल्या होत्या. हसताना खोकला आला होता.

थोरले मालक गेले आणि त्यांची लेक गादीवर आली. सगळे तिला ताई म्हणत. पोरगी शिकलेली, कष्टाळू, बापासारखीच सरळ. पहिल्याच वर्षी तिच्या लक्षात आलं की लाँड्रीला कोळसा खातोय. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी मोठी लाँड्री निघाली होती. तिथं सगळं यंत्रावर, त्यामुळे भाव कमी. इस्पितळाने सरळ सांगितलं, त्या भावात जमत असेल तर बघा. एका दुपारी तिने बाविसच्या बावीस माणसांना घडीखात्यात बोलावलं.

"मी कोणाला काढणार नाही," ती म्हणाली, "पण कोळसा आणि वीज वाचली नाही तर आपल्याला सगळ्यांनाच घरी जावं लागेल. माझ्यासकट."

"तुम्ही घरी गेलात तर चहा तरी मिळेल," आक्का म्हणाली. "आम्ही गेलो तर चुलीलाच सुट्टी."

बायका हसल्या. पण हसू लवकर विरलं.

मग ताईंनी बोलावलेला तपासनीस आला. उष्णता दाखवणारा कॅमेरा त्याच्या गळ्यात. जिथून ऊब वाया जाते ती जागा त्याच्या पडद्यावर लालभडक दिसायची. मामा त्याच्याबरोबर काठी घेऊन निघाले. आणि काय सांगावं, त्या दिवशी मामांना पंख फुटले. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना वाफेबद्दल विचारत होतं! तपासनिसाने कॅमेरा उचलायच्या आधीच मामा बोट दाखवत. इथला सांधा. तिथली झडप, ती पाण्याबरोबर वाफही सोडते. या कोपऱ्यात नळी उघडी. त्या खिडकीची फट. एकतीस जागा निघाल्या, त्यातल्या सव्वीस मामांनी आधी सांगितल्या.

"मामा, तुम्ही असताना मी हे खोकं कशाला गळ्यात अडकवलंय?" तपासनीस म्हणाला.

मामा लाजले. चालता चालता दोघे एका बंद दारापाशी आले.

"इथं काय आहे?"

"आमची राहती खोली."

"बरं," म्हणून तपासनीस पुढे गेला. मामाही गेले. काठी मात्र पुढचे दोन सांधे नुसतीच फिरली, मामांनी फडक्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी जेवताना मामांनी सगळी हकीकत सांगितली. एरवी चार शब्दांत दिवस उरकणारा माणूस अर्धा तास बोलत होता. मामी ऐकत होत्या. ताट बाजूला सारून त्यांनी विचारलं, "आणि आपली?"

"आपली काय?"

"आपली नळी. ती सांगितलीत का?"

"त्याने विचारलं नाही."

"देव तरी कुठं विचारतो? तरी आपण रोज सांगतोच ना त्याला सगळं."

"देवाला कोळसा विकत घ्यावा लागत नाही."

"म्हणून तर ताईंना सांगायला हवं!"

मामा चिडले. "तुझं निम्मं औषध आहे ते! तिला वेष्टण घातलं तर ही खोली विहिरीसारखी गार पडेल. उत्तरेची भिंत, खाली फरशी. कळतंय का तुला?"

मामींनी कोनाड्यातल्या दिव्याची वात सारखी केली. "बावीस घरांची चूल या बॉयलरवर आहे," त्या म्हणाल्या. "इस्त्रीखात्यातल्या पोरीला तान्हं आहे. आक्काचा नवरा अंथरुणात. त्यांच्या ताटातला घास उचलून मी अंग शेकत बसू? मला नाही हो पचणार. आजवर ठाऊक नव्हतं तोवर ठीक होतं."

मामा दोन दिवस ताईंकडे गेले नाहीत. मामींनीही विषय काढला नाही. त्यांनी फक्त नळीवर कपडे वाळत घालणं बंद केलं, आणि दुधाचं भांडं कपाटात ठेवलं. पन्नाशी उलटलेल्या बाईचा हट्ट तो, लहान मुलासारखा आदळआपट करत नाही, गुपचूप घरभर पसरतो. तिसऱ्या दिवशी मामांनी ताईंना सांगितलं.

ताई तपासनिसाला घेऊन खोलीत आल्या. त्याने कॅमेरा लावला तर पडद्यावर सगळी भिंत पेटलेली. आकडेमोड करून तो म्हणाला, "दिवसाला एक घमेलं कोळसा या खोलीत जातो. उन्हाळ्यातसुद्धा."

ताई पलंगावरच्या मामींकडे बघून म्हणाल्या, "एका घमेल्यानं काय होतंय? राहू दे ही नळी."

पण मामी उठून बसल्या होत्या. "रोज एक घमेलं? म्हणजे महिन्याला तीस! अगं बाई, मी तीस घमेली कोळसा पांघरून झोपत होते की!" सगळे हसले, अगदी मामासुद्धा. आणि हसण्यातच ते ठरून गेलं. "ताई," मामी म्हणाल्या, "एकतीस जागा बुजवायच्या आणि घरातली तेवढी सोडायची, मग बाकीच्यांना काय तोंड दाखवायचं? घाला वेष्टण."

ताईंना ते टोचलं असावं. त्यांनी विजेचा एक हिटर आणून द्यायचं कबूल केलं. "नळी बाराही महिने जळते. हा लागेल तेव्हाच लावायचा. पण लावायचा. कबूल?"

"कबूल," मामी म्हणाल्या.

वेष्टण मामांनी स्वतः घातलं. दुसऱ्या कोणाचा हात त्यांनी लागू दिला नाही. काचेच्या लोकरीचे पट्टे नळीभोवती दाबून बसवले, वरून तार आवळली, त्यावर जाड कापड शिवलं आणि पांढरा रंग दिला. कुठे फट नाही, कुठे सुरकुती नाही. मामी पलंगावरून बघत होत्या.

"तान्ह्या बाळासारखं गुंडाळताय," त्या म्हणाल्या. या घरात बाळ कधी आलं नव्हतं; मामा शेवटचा टाका जरा जास्त वेळ घालत बसले.

हिटर आला. मामांनी भिंतीत त्याची जागा करून घेतली आणि बजावलं, "हे बघ, नवं लोखंड आहे. पहिल्यांदा तापेल तेव्हा रंग जळल्याचा वास येईल. घाबरायचं नाही. खिडकी जराशी उघडायची, पाच मिनिटांत वास जातो, परत कधी येत नाही."

"बॉयलरवाल्याची बायको आहे मी," मामी म्हणाल्या. "मला काय शिकवता!"

त्याच आठवड्यात ताईंनी फाटकाजवळ एक काळा फळा लावला. वर दोन रकाने, कोळसा आणि वीज. दर शनिवारी आकडा लिहायचा. कोळशाचा आकडा असा घसरला की बायका टाळ्या वाजवायला लागल्या. अकरा गाड्यांवरून नऊ, नऊवरून आठ. विजेचंही तसंच. उगाच जळणारे दिवे बंद झाले, आकडा उतरू लागला. फळा म्हणजे जणू घरात रांगणारं मूल झालं होतं, येता-जाता सगळे त्याच्याकडे बघत. मामींच्या खिडकीतून तो समोरच दिसायचा.

एका शनिवारी विजेचा आकडा वाढला. थोडासाच. इस्पितळात तापाची साथ होती, गठ्ठे दुप्पट येत होते, यंत्रं जास्त फिरली होती. पण ते कोण लक्षात घेतो? बायका फळ्यापाशी जमल्या आणि एकमेकींना चिडवायला लागल्या. तू इस्त्री तशीच ठेवून गप्पा मारतेस, तूच मारतेस. आक्का खिडकीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "अगं, उगाच काय भांडता! मामींची शेगडी आली ना घरात? आकडा नाही वाढणार तर काय!"

मामी खिडकीतूनच हसल्या. म्हणाल्या, "शेकायला ये मग तूही."

झालं एवढंच. दोघी वीस-बावीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी.

थंडी वाढली. त्या वर्षीची थंडी ओली होती, भिंतींना घाम फुटायचा. मामा पहाटे अंधारात बॉयलरवर जात आणि संध्याकाळी परत येत. रोज विचारत, "हिटर लावला होतास?"

"दिवसभर चालू होता. आत्ताच बंद केला. कोरड्या हवेनं डोकं धरतं."

"पहिल्या दिवशी वास आला होता का?"

"आला थोडा. गेला."

मामांचा विश्वास बसला. का बसू नये? त्या बाईने उभ्या जन्मात खोटं सांगितलं नव्हतं. आणि खोली गार आहे की ऊबदार, हे मामांना कळायला मार्गच नव्हता. दिवसभर भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस बाहेर पडला की त्याला सगळं जग सारखंच गार लागतं. वाफेचा दाब नुसत्या तळव्याने सांगणारे मामा, पण आपल्या घरातली हवा त्यांच्या कातडीला कळत नव्हती. ते अंगातली बंडीसुद्धा काढून बसत. मामी दोन गोधड्या घेऊन बसलेल्या असत, तर मामांना वाटे, आजारी माणूस, लागत असतील.

खोकला खोल गेला. मग रात्रीची झोप गेली. मग एका सकाळी मामींच्या ओठांना निळसर झाक दिसली आणि मामा बॉयलर तसाच दुसऱ्याच्या हवाली करून त्यांना रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेले. तेवीस वर्षांत भरल्या दाबाचा बॉयलर त्यांनी पहिल्यांदाच सोडला.

इस्पितळातली चादर त्यांच्याच लाँड्रीतून धुऊन आलेली होती. नाकाला नळी लावलेल्या मामींनी तिची कड चाचपली. "ही घडी आक्काची," त्या धापा टाकत म्हणाल्या. "कोपरा कायम अर्ध्या बोटाने चुकतो तिचा."

"बोलू नकोस."

"तिला सांगू नका. वाईट वाटेल."

मामांना वाटलं, घडीबद्दल म्हणतेय. फुप्फुसात पाणी झालं होतं. चौथ्या दिवशी दुपारी मामी गेल्या. हातात जपमाळ होती, पण ओढायला बळ नव्हतं, तर मामाच एकेक मणी त्यांच्या बोटाखाली सरकवत होते. माळ अर्ध्यात राहिली.

सगळं आटोपल्यावर मामींची धाकटी बहीण खोलीवर आली, चार दिवस राहायला. आल्या आल्या तिने शाल घट्ट ओढून घेतली. "भावजी, काय हो ही खोली! पायाला फरशी चावतेय. माझी बहीण कशी राहत होती इथं?"

"हिटर आहे की. लाव."

मामा पलंगाच्या कडेवर बसले होते, पाठमोरे. मागे बटण दाबल्याचा आवाज झाला. थोडा वेळ गेला. मग ती ओरडली, "अहो भावजी, काहीतरी जळतंय! वास येतोय बघा!"

मामा हलले नाहीत. तो वास ते आयुष्यभर ओळखत होते. नव्या लोखंडाला पहिल्यांदा आच लागते तेव्हा येणारा वास. एकदाच येतो, पुन्हा कधी येत नाही.

"बंद करू का? बिघडलाय वाटतं."

"बिघडलेला नाही," मामा म्हणाले. "खिडकी उघड जराशी."

खोलीत रंगाचा धूर भरत गेला. मामांनी हिटर भिंतीवरून फिरवून बघितला. मागच्या अंगाला दुकानाची कागदी चिठ्ठी होती, चिकटवलेली होती तशीच. तिच्या कडा आत्ता कुठे तपकिरी व्हायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आक्का आली. दारातच बसली, आत येईना. "मामा, माझ्या जिभेला हाड नाही हो," ती म्हणाली. फळ्यापाशी केलेली थट्टा तिने सांगितली. "त्या दिवशी संध्याकाळी मी शेकायला म्हणून खरंच आले, तर खोली गार. मी म्हटलं, अगं पेटव की! तर म्हणते कशी, 'न पेटवता माझं नाव लागलं गं, पेटवला तर काय होईल?' मला वाटलं, गंमत करतेय. मीही हसले. आणि वर मला शपथ घातली, यांना सांगू नकोस म्हणून."

मामांना इस्पितळातलं आठवलं. तिला सांगू नका, वाईट वाटेल. ते घडीबद्दल नव्हतं.

खोटं बोलू नये म्हणून जिने घरातली ऊब देऊन टाकली, तिने ती दिलेली कोणाला जड वाटू नये म्हणून रोज संध्याकाळी खोटं बोलून दाखवलं. यातलं पाप कोणतं आणि पुण्य कोणतं, ते देवाने ठरवावं. माणसाचं ते काम नाही.

"जाऊ दे, आक्का," मामा म्हणाले. "तू तिला विझव म्हणाली नव्हतीस."

आक्का पदर तोंडाला लावून उठली.

ती गेल्यावर मामांनी पलंगाच्या उशाशी नळीवर तळवा ठेवला. पांढरं कापड गुळगुळीत, टाके सारखे. आत वाफ धावत होती, कानाला कळत होती, पण हाताला काही म्हणजे काही लागत नव्हतं. कोमटसुद्धा नाही. तेवीस वर्षांत इतकं चोख काम त्यांनी केलं नव्हतं.

शनिवार होता. फाटकाजवळ ताई फळ्यावर आकडे लिहीत होत्या. कोळसा सात गाड्या. इस्पितळाने पुढच्या वर्षाचं काम दिलं होतं, बाविसातलं कोणी घरी जाणार नव्हतं. आता तिथं सगळी बायका-माणसं उभी होती, आक्का तेवढी घडीखात्यात तोंड लपवून बसली होती. मामांना येताना बघून सगळे बाजूला झाले. त्यांच्या हातात हिटर होता, वायर नीट गुंडाळलेली.

"ताई, हा परत घ्या," मामा म्हणाले. "नवाच आहे. पाच मिनिटं चालला असेल."

ताईंच्या हातातला खडू थांबला. त्यांनी एकदा हिटरकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. काय ते त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी खडू खाली ठेवला. "मामा, ठेवा हो तो. थंडी अजून महिनाभर आहे. तुम्हाला तरी..."

"मला थंडी कळत नाही, ताई," मामा म्हणाले.

हिटर त्यांनी फळ्याच्या खाली जमिनीवर ठेवला, काठी उचलली आणि ते बॉयलरकडे गेले. दाब जरा खाली आला होता.